तीस झाडांचं संग्रहालय

इटलीच्या सिसिली बेटाच्या उत्तर भागात मादोनिये नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर, पोलिझी जेनेरोझा हे तीनेक हजार वस्तीचं गाव. या गावात एक छोटं संग्रहालय आहे आणि ते एकाच झाडाला वाहिलेलं आहे. झाडाचं शास्त्रीय नाव अबिएस नेब्रोडेन्सिस, म्हणजे सिसिलीचा फर, देवदार-पाइनसारखा सुईच्या पानांचा वृक्ष. संग्रहालयाच्या नावाची इटालियन आद्याक्षरं जुळवली की ‘मान’ होतं. मराठी कानाला हे लघुरूप फारच शोभून दिसतं, पण तो निव्वळ योगायोग.

ही जात निसर्गात फक्त याच डोंगरात उरली आहे आणि तिची मोठी झाडं आहेत तीस. तीस हजार नाहीत, तीनशेही नाहीत. एखाद्या वर्गातल्या मुलांची हजेरी घ्यावी तशी ती मोजता येतात आणि मोजलीही जातात. प्रत्येकाला क्रमांक आहे, नकाशावर जागा आहे. अशा झाडासाठी संग्रहालय काढायचं म्हटलं की पहिली शंका येते ती अशी: आपण साधारणपणे जे गेलं त्याचं संग्रहालय करतो. हे तर अजून उभं आहे. मग इथे ठेवायचं काय?

या प्रकरणात मला रस वाटला तो याच प्रश्नामुळे. आणि त्याचं जे उत्तर पोलिझीत हळूहळू तयार झालं, ते काचेच्या कपाटापेक्षा धान्याच्या कणगीच्या जवळचं आहे.

नावाचा घोळ

आधी नावाबद्दल, कारण त्यात एक गंमत आहे. ‘नेब्रोडेन्सिस’ म्हणजे नेब्रोदीचा. पण आजच्या नकाशात नेब्रोदी ही मादोनियेच्या पूर्वेला असलेली वेगळी डोंगररांग आहे आणि तिथे हा फर शोधत गेलात तर हात हलवत परत याल. प्राचीन लेखकांच्या ‘नेब्रोदेस’मध्ये दोन्ही रांगा येत होत्या. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते जुनं, ऐसपैस नाव उचललं आणि पुढे भूगोलाने त्याचे दोन तुकडे केले. या नावाचं मूळ ग्रीक ‘नेब्रोस’ या शब्दात सांगतात. त्याचा अर्थ हरणाचं पाडस. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गावकऱ्यांचं स्वतःचं नाव वेगळं आहे: ‘आर्वुलु क्रुची क्रुची’, म्हणजे क्रुसाक्रुसाचं झाड. फांदीला बाजूच्या डहाळ्या काटकोनात फुटतात आणि खालून पाहिलं तर क्रुसामागून क्रूस दिसत जातात. फरच्या इतर जातींतही असं थोडंफार दिसतं, पण इथे ते ठळक आहे. मला विचाराल तर शास्त्रीय नावापेक्षा हे नाव खरं, कारण ते झाडाकडे पाहून ठेवलेलं आहे.

झाड गेलं, असं ठरलं होतं

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी सिसिलीच्या डोंगरांत लाकडाची सुबत्ता होती. सिराक्यूझचा हुकूमशहा पहिला डायोनिसियस याने इसवी सनपूर्व ३९९ च्या सुमारास आरमार बांधायला काढलं, तेव्हा एटना पर्वतावर फर आणि पाइनची रेलचेल होती, असं डायोडोरस या इतिहासकाराने नोंदवलं आहे. तो स्वतः सिसिलीचाच. तो फर नेमका कोणता ते मात्र तो सांगत नाही, त्यामुळे हा पुरावा या जातीच्या नावावर जसाच्या तसा जमा करता येत नाही. इतकं मात्र खरं की फरचा सरळ, हलका सोट जहाजांना लागायचा, नंतर मादोनियेतल्या चर्चांच्या छपरांच्या तुळयांना लागला, आणि जिथून तो तोडला तिथे नंतर चराई आली, आग आली, धूप आली.

विसावं शतक उजाडलं तेव्हा ही जात संपली असंच धरलं जात होतं. आणि गंमत पाहा, तिला शास्त्रीय ओळख मिळाली तीही त्याच सुमारास. मिकेले लोयाकोनो याने तिला आधी युरोपातल्या साध्या फरचा एक प्रकार म्हणून नोंदवलं. १९०८ मध्ये जोव्हानी एत्तोरे मात्तेई याने तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. म्हणजे मृत्यूचा दाखला आणि जन्माचा दाखला जवळपास एकाच टेबलावर. त्यानंतर १९५७ मध्ये डोंगरात मोजकी जिवंत झाडं पुन्हा सापडली. सुमारे १४०० ते १६५० मीटर उंचीवर, दगडाळ, उघड्या उतारांवर, माणसाला आणि कुऱ्हाडीला सहज न पोचणाऱ्या जागी ती तग धरून होती.

जातीला ही जागा आवडते असा समज यातून होऊ शकतो. मला तसं वाटत नाही. जिथे आज झाड दिसतं ती त्याची आवडती जागा असेलच असं नाही. अनेकदा ती फक्त त्याला मारायला कोणी गेलं नाही अशी जागा असते. हा फरक पुढे, रोपं कुठे लावायची हे ठरवताना, महत्त्वाचा ठरतो.

तीस म्हणजे खरे किती?

१९८९ मध्ये मादोनियेचं प्रादेशिक उद्यान झालं. रोपवाटिकेत बी टाकून रोपं करण्याचं काम बरंच आधीपासून चालू होतं. तोड थांबली, कुंपणं झाली, रोपं झाली. मग अडचण कुठे होती?

अडचण बीजात होती. फरच्या एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही प्रकारचे शंकू येतात. मादी शंकू शेंड्याकडे उभे राहतात, नर शंकू त्यांच्या खालच्या फांद्यांवर दाटीने येतात, आणि पराग वाऱ्यावर जातो. दाट जंगलात ही व्यवस्था उत्तम चालते, कारण वाऱ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पराग इतका असतो की स्वतःचा त्यात हरवून जातो. पण झाडं तीसच आणि तीही विखुरलेली, मध्ये डोंगरांच्या धारा आणि दऱ्या. अशा वेळी मादी शंकूपर्यंत पोचतो तो बहुतेक घरचाच पराग. स्वपरागणातून झालेल्या बियांमध्ये पोकळ बी भरपूर निघतं, कारण एरवी झाकलेले घातक जनुकदोष दोन्ही बाजूंनी एकत्र येतात आणि गर्भ आतच मरतो. जे बी भरतं त्यातलंही थोडंच रुजतं. जे रुजतं ते अशक्त निघण्याचा धोका मोठा.

म्हणून डोंगरात आपोआप उगवलेली काहीशे रोपं पाहून हुरळून जाण्यात अर्थ नव्हता. जनुकीय चाचण्या झाल्या तेव्हा त्यातली बहुतांश रोपं स्वपरागणाची निघाली. मोजणी वाढत होती आणि वंशाची विविधता होती तिथेच. तीस झाडं एकमेकांशी जवळजवळ बोलत नव्हती, प्रत्येक जण आपल्याशीच बोलत होता.

दुसरी भानगड शेजाऱ्यांची. वनीकरणाच्या उत्साहात याच डोंगरात परदेशी फर लावले गेले होते, युरोपचा साधा फर आणि ग्रीसचा फर. फरच्या या जाती एकमेकांशी सहज संकर करतात. म्हणजे दुर्मीळ झाडाला बाहेरचा पराग मिळालाच, तर तो परक्या जातीचा असण्याची भीती. हे परके फर टप्प्याटप्प्याने काढून टाकणं संवर्धनाच्या आराखड्यात आलं ते यासाठी. निरोगी, वाढलेलं झाड तोडून जंगल वाचवायचं, हे वरवर पाहणाऱ्याला पटत नाही. पटवून सांगायला कोणीतरी लागतं. संग्रहालयाचा पहिला खरा उपयोग मला इथे दिसतो.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला हवा. संकर झाला तर झाला, निदान झाडं तरी धडधाकट होतील, असं म्हणणारेही असतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. आतल्या आत खंगलेल्या जातीला बाहेरचं रक्त मिळाल्यावर ती सावरल्याची उदाहरणं प्राण्यांत आहेत. पण तो उपाय आतले सगळे मार्ग संपल्यावरचा. इथे तीस झाडांचा आपसातला मेळच अजून कोणी घालून पाहिला नव्हता.

मेळ घालणारी माणसं

तो मेळ घालायचं काम २०१९ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय संघाच्या ‘लाइफ’ योजनेतल्या एका प्रकल्पाने हाती घेतलं. त्याचं नाव ‘लाइफ फोर फर’. इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची वनस्पती-संरक्षण संस्था त्यात पुढे होती, सोबत मादोनिये उद्यान, सिसिलीच्या प्रादेशिक सरकारचं एक खातं, पालेर्मो विद्यापीठ आणि स्पेनमधलं सेव्हिय्या विद्यापीठ.

काम ऐकायला सोपं आहे. कोणत्या दोन झाडांचे जनुक एकमेकांपासून जास्तीत जास्त लांबचे आहेत ते पाहायचं. वसंतात एका झाडाच्या नर शंकूंचा पराग गोळा करायचा. दुसऱ्या झाडाच्या मादी शंकूंवर ते उमलायच्या आधी पिशव्या चढवायच्या, म्हणजे घरचा पराग आत जाणार नाही. मादी शंकू पराग घ्यायला तयार असतो तो काही दिवसच, त्या दिवसांत आणलेला पराग पिशवीत सोडायचा. मग शरद ऋतूपर्यंत वाट पाहायची. झाडं फार उंच नसल्याने शेंड्यापर्यंत पोचता येतं, हीच काय ती सोय.

मग शंकू उतरवण्याची घाई. फरचा शंकू पाइनसारखा अखंड खाली पडत नाही. पिकला की फांदीवरच खवल्याखवल्याने सुटतो, बिया वाऱ्यावर जातात आणि झाडावर मधली दांडी तेवढी उभी राहते. म्हणून पिकण्याच्या जरा आधी तो काढावा लागतो. (जगातल्या कुठल्याही संग्रहालयाला फरचा पिकलेला शंकू अखंड मांडणं अवघडच. ज्याच्या नावाने इमारत उभी आहे, त्याचं फळच हातात येता येता विखुरतं.) काढलेल्या बियांतल्या भरलेल्या किती आणि पोकळ किती हे बाहेरून कळत नाही, म्हणून बियांचा एक्स-रे काढतात. दवाखान्यात छातीचा फोटो पाहावा तसा बियांचा फोटो पाहायचा आणि ज्यांच्यात गर्भ दिसतो तेवढ्या बाजूला काढायच्या. त्यानंतर कित्येक आठवडे थंडीत ठेवून बी पेरणीजोगं करायचं, कारण हिवाळा अनुभवल्याशिवाय ते झोपेतून उठत नाही.

रोपं वाढतात पोलिझीजवळच्याच पियानो नोचे रोपवाटिकेत. तिथेही एक सूक्ष्म धोका असतो. कुंडीतल्या मातीतली बुरशी रोपाबरोबर डोंगरात गेली, तर वाचवायला नेलेलं रोप तिथल्या झाडांना आजार देऊन येईल. म्हणून रोपवाटिकेत रोपांच्या आरोग्यावर वेगळी नजर ठेवावी लागली. प्रकल्पाने चार हजार रोपं दहा निवडक जागी लावायचं ठरवलं. या जागा निवडताना मघाचा मुद्दा येतो. तीस झाडं जिथे तगली त्याच्यासारखा उघडा दगड शोधायचा, की त्यांना खरं मानवेल अशी जमीन आणि सावली? मादोनियेत बीच वृक्षाची जंगलं आहेत, बीचच्या दक्षिणेकडच्या सीमेजवळची. लहान फरला पहिली काही वर्षं सावली मानवते. मला हा दुसरा विचार जास्त पटतो, पण यात चूक झाली तर ती कळायला वीसेक वर्षं जातील, हेही कबूल करायला हवं.

काचेऐवजी गोठवण

आता मूळ प्रश्नाकडे. संग्रहालयात ठेवायचं काय?

या प्रकल्पातून सिसिलीच्या फरची बीजपेढी आणि त्याबरोबर अतिशीत साठवणीची पेढी उभी राहिली, आणि ती पोलिझीच्या या संग्रहालयाशी जोडली गेली. बिया, पराग, बियांतून सोडवून काढलेले गर्भ आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भपेशींचे पुंजके द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवता येतात. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनची टाकी पाहिली असेल, तत्त्व तेच. इतक्या थंडीत पेशीतली जवळपास प्रत्येक क्रिया थांबते, वय वाढत नाही. अवघड असतं ते तिथपर्यंत पोचवणं. पेशीत पाणी जास्त राहिलं तर त्याचे स्फटिक होऊन पेशी आतून फाटते, आणि ते फार काढलं तर पेशी वाळून मरते. मधली बारीक वाट प्रत्येक जातीसाठी, प्रत्येक अवयवासाठी नव्याने शोधावी लागते. परागाची वेगळी, गर्भाची वेगळी.

परागाचा साठा मला यातला सर्वांत हुशारीचा भाग वाटतो. सगळी झाडं एकाच वर्षी फुलतील असं नाही, फरमध्ये भरघोस शंकू येणारी वर्षं मधूनच येतात. क्रमांक अमुकचा पराग यंदा आहे आणि त्याला योग्य असं दुसरं झाड दोन वर्षांनी शंकू धरणार आहे, असं झालं तर जुळणी हुकते. पराग गोठवून ठेवला की दोन झाडं वेगवेगळ्या वर्षी ‘भेटू’ शकतात. उद्या एखादं झाड वणव्यात किंवा वादळात गेलं, तरी त्याची संतती जन्मायची राहिली असं होत नाही. तीस झाडं एकाच डोंगररांगेत असताना ही काळजी पुस्तकी नाही. उन्हाळ्यात सिसिलीला आगी नव्या नाहीत.

म्हणजे संग्रहालय इथे आठवणीची जागा राहिलं नाही, ते जुळणीच्या कामातलं एक उपकरण झालं. पाहायला येणाऱ्याला यातलं जवळजवळ काही दिसत नाही. टाकी ही टाकीसारखी दिसते. मला हे दोषासारखं वाटत नाही. दर्शनी भागाने गावाला सांगावं की परके फर का तोडतोय, कुंपण का घालतोय, आणि मागच्या खोलीने काम करावं. अडचण अशी की प्रेक्षक, देणगीदार आणि अधिकारी सगळे दर्शनी भागाकडे पाहतात.

या संदर्भात ऑस्ट्रेलियातलं वोलेमी पाइनचं उदाहरण अनेकदा दिलं जातं. तोही झाडांचा इवलासा कळप, १९९४ मध्ये सापडलेला. तिथे मूळ जागा गुप्त ठेवली गेली आणि काही वर्षांनी रोपं सरळ लोकांना विकायला काढली. हजारो बागांत झाड गेलं की एका आगीने ते संपत नाही. पोलिझीतही तेच का करू नये? कारण वोलेमी आपल्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) एकटाच आहे, बागेत त्याला संकराला जवळचा कोणी सापडत नाही. सिसिलीच्या फरचे चुलते युरोपभर बागांत उभे आहेत. बागेतलं झाड जगेल, त्याच्या बियांवर मात्र भरवसा ठेवता येणार नाही. बागा हा इथे विमा आहे, बियाण्याचा स्रोत नाही, आणि म्हणूनही ती मागची खोली लागते.

पाडसाचं नाव, पाडसाचं तोंड

डोंगरात काम करणाऱ्यांची रोजची डोकेदुखी मात्र जनुकांची नाही, खुरांची आहे. मादोनियेत बाहेरून आणलेल्या ‘फॅलो’ जातीच्या ठिपकेवाल्या हरणांची आणि रानडुकरांची संख्या बेसुमार वाढली आहे. हरणं कोवळे शेंडे खुडतात आणि शिंगं खोडावर घासून साल सोलतात, डुकरं मुळांभोवतीची जमीन उकरतात. ज्या झाडाच्या नावात हरणाचं पाडस दडलं आहे, त्याच्या रोपांना हरणाच्याच तोंडापासून राखायचं, असा हा हिशेब. म्हणून मोठ्या झाडांभोवती आणि नव्या लागवडींभोवती कुंपणं आली, काही ठिकाणी देखरेखीचे कॅमेरे आले.

कुंपणाबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, कारण त्यात सांगण्यासारखी विद्या नाही. पण खर्चाचा आणि कष्टाचा मोठा वाटा तिथेच जातो. डोंगरात बर्फ पडतं, फांद्या कोसळतात, खांब कुजतात, एका जागी तार वाकली की आतली दहा वर्षांची मेहनत एका रात्रीत चघळली जाते. प्रकल्पाला आरंभ आणि शेवटची तारीख असते, कुंपणाला नसते. टाकीचंही तेच. द्रव नायट्रोजन उडून जात राहतो, तो ठरल्या वेळी भरावा लागतो, कोणी सुट्टीवर असलं तरी.

रोपाचा शेंडा हरणाच्या तोंडापलीकडे जायला या उंचीवर कित्येक वर्षं लागतात, आणि फरला बी धरायला त्याहून पुष्कळ जास्त. आज लावलेल्या रोपांपैकी एखाद्यावर पहिला शंकू उभा राहील तेव्हा ज्यांनी पिशव्या बांधल्या त्यातले बरेच निवृत्त झालेले असतील. त्या वर्षीच्या वसंतात दुसऱ्या कुणाला तरी त्या नव्या झाडावर चढायचं आहे, आणि टाकीतून काढायच्या परागाच्या नळीवरचा क्रमांक वाचायचा आहे.